वस्तरा मनगटावरचे केस उतरवतो, पण दाढी ओढतो: बारा हजारी दगड घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचा जुना, जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा कपाटात सापडला. तुम्ही 1000, 4000 आणि 8000 नंबरचे धार लावायचे दगड मागवले (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक), व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे प्रत्येकावर पन्नास पन्नास फेऱ्या मारल्या आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढला. मनगटावरचे केस तो सहज उतरवतो. गालाला लावला की मात्र ओढतो, हनुवटीवर अडकतो आणि मान दिवसभर चुरचुरते. तर आता 12000 चा दगड घ्यावा, की पट्ट्याला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावावी?

दोन्ही घेऊ नका, निदान आत्ता तरी. तुमचं घोडं पहिल्याच दगडावर अडलेलं आहे, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. गेली सोळा वर्षं मी वस्तऱ्यांना धार लावतोय. नव्या माणसाने "ओढतो" म्हणून पाठवलेल्या दहा वस्तऱ्यांपैकी सात-आठ तरी असे असतात की 1000 वरचं काम अर्धवट सोडलेलं आणि पुढच्या दगडांवर ते अर्धवट काम नुसतं चकचकीत केलेलं.

आधी मनगटाच्या केसांबद्दल. ही चाचणी चांगल्या चांगल्यांना चकवते. 1000 च्या दगडावरून नुकता उतरलेला वस्तराही मनगट साफ करतो. ते केस बारीक असतात, आणि आपण नकळत पात्याचा मधला भागच तिथे लावतो. दाढीचा केस जाड आणि चिवट. शिवाय दाढी करताना टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या बाजूपासून, टोकापर्यंत सगळी धार लागते. मधला इंचभर तयार आणि टोकाकडची अर्धा इंच कोरी, असा वस्तरा मनगटावर पास होतो आणि हनुवटीवर नापास. हनुवटीवर आपण टोकच वापरतो, आणि तुमचा वस्तरा नेमका तिथेच अडकतोय.

आता पात्याची रचना समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात ती सोय बनवणाऱ्यानेच करून ठेवलेली असते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, म्हणजे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून कोन आपोआप ठरतो. 5/8 इंची, म्हणजे सुमारे 16 मि.मी. रुंद पातं आणि साडेचार मि.मी. जाड पाठ धरली, तर दोन्ही बाजू मिळून कोन 16 अंशांच्या आसपास येतो. दगडाला घासून धारेलगत जो चिंचोळा तिरपा पट्टा तयार होतो, तो बेव्हल. एक डावीकडचा, एक उजवीकडचा. हे दोन पट्टे जिथे एकमेकांना मिळतात ती रेषा म्हणजे धार. ते मिळालेच नसतील, तर मध्ये केसाहून बारीक अशी सपाट कड उरते. 4000 आणि 8000 चे दगड इतकं कमी पोलाद काढतात की ती कड त्यांच्याकडून संपत नाही. ते फक्त तिच्या दोन्ही बाजूंना पॉलिश चढवतात. 12000 चा दगड आणखी चांगलं पॉलिश चढवेल, एवढंच.

मला हे साताऱ्यात काकांच्या केशकर्तनालयात कळलं. गिऱ्हाइकांसाठी तिथे केव्हाच अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले होते, ते योग्यच होतं. पण काका स्वतःची दाढी धोकटीतल्या जुन्या वस्तऱ्यानेच करायचे. माझा वस्तरा ओढतो म्हणून मी पगारातून साठवून एकामागोमाग एक बारीक दगड घेतले होते. सगळं लटांबर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दगडांकडे पाहिलंही नाही. वस्तरा उघडला, धार वर करून बल्बखाली धरली आणि हळूहळू पुढे-मागे कलवली. टोकाजवळ एक बारीक चंदेरी रेघ लकाकली. "आरं, हितं चमकतंय न्हवं? धार असती तर दिसली असती का?" एवढंच म्हणाले आणि मला पुन्हा पहिल्या दगडावर बसवलं.

त्यामागचं कारण साधं आहे. खऱ्या धारेला रुंदीच नसते, म्हणून तिच्यावरून उजेड परत येत नाही. सपाट कड उरली असेल, तर ती आरशासारखी उजेड परतवते. तुम्ही आजच हे करून पाहा. खोलीत अंधार करा, एकच दिवा डोक्यावर ठेवा, धार सरळ डोळ्यांसमोर आणा आणि पातं थोडं थोडं कलवा. दहापट किंवा वीसपट मोठं दाखवणारी सोनाराची लूप असेल तर उत्तम. जिथे चमक दिसेल तिथे बेव्हल मिळालेले नाहीत. तुटक ठिपके चमकले, तर ते धारेतले बारीक टवके.

दुसरी चाचणी मार्करची. सीडीवर लिहायच्या मार्करने दोन्ही बाजूंचे बेव्हल आणि पाठीचा दगडाला लागणारा भाग काळा करा. 1000 च्या दगडावर अगदी हलक्या हाताने दोन-तीन फेऱ्या मारून पाहा. जिथली शाई गेली, तिथे दगड पोचतो. जिथली राहिली, तिथे तुमच्या त्या दीडशे फेऱ्यांमध्ये एकदाही पोचलेला नाही. टाचेकडची शाई राहिली, तर टाचेशेजारचा पात्याचा जाड भाग दगडावर चढतोय का ते बघा. जुन्या वस्तऱ्यांत हे फार होतं. तो भाग दगडावर चढला की टाच अधांतरी राहते. मग वस्तरा थोडा तिरका धरून, तो भाग दगडाबाहेर ठेवूनच काम करायचं.

तुमच्या दगडांचीही एकदा तपासणी व्हायला हवी. घरातली चंदनाची सहाण आठवा. वर्षानुवर्षं उगाळून ती मधोमध खोलगट होते. पाणी लावून वापरायच्या या दगडांचंही तेच होतं, फक्त फार लवकर. आणि नवा दगडसुद्धा कारखान्यातून सपाट येतोच असं नाही. काचेच्या दुकानातून जाड काचेचा तुकडा आणा, त्यावर 220 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि दगड त्यावर घासा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मधल्या रेघा राहिल्या तर अजून घासा. बारीक दगडांसाठी त्याहून बारीक वॉटर पेपर घ्या आणि शेवटी दगड भरपूर पाण्याने धुवा. कागदाचा एक खडा दगडात रुतून बसला तरी धारेला ओरखडा पडतो. दगडाच्या कडाही किंचित गोल करून घ्या.

काही गोष्टी इथे बसून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या वस्तऱ्यावर अवलंबून आहेत. आजोबांनी तो वीस-तीस वर्षं वापरला असेल आणि त्यांचा दगड मध्ये खोलगट किंवा फुगीर असेल, तर धारेची रेषाही बिघडलेली असू शकते. धारेवर पोलादी पट्टी अलगद टेकवून उजेडासमोर धरा. पट्टी दोन्ही टोकांना टेकते आणि मध्ये फट दिसते, म्हणजे धार आत गेलेली आहे. असा वस्तरा पहिलं शिक्षण म्हणून हाती घेऊ नका, जाणकाराकडून आधी सरळ करून घ्या. उलट धार मध्ये किंचित बाहेर आलेली असेल, तर ती चांगलीच. फक्त फेरी मारताना पातं जरा डोलवत न्यावं लागतं. गंजाचे काळे खड्डे पाठीजवळ असतील तर चालतात. धारेलाच असतील, तर घासत जाल तसे नवे खड्डे उघडे पडतील आणि धार कधीच पूर्ण होणार नाही. आणि कुठे बारीकशी चीर दिसली, तर तो वस्तरा आठवण म्हणून जपा. चेहऱ्याला लावू नका.

पाठीला इन्सुलेशन टेप लावावी की नाही, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत असं: आजोबांचा वस्तरा असेल, पाठीवर नक्षी किंवा सोनेरी मुलामा असेल, तर एक थर लावा. त्याने कोन साधारण एका अंशाने वाढतो, दाढीला ते कळतही नाही. पण पहिल्या दगडावर टेप लावली, तर शेवटच्या दगडापर्यंत ती हवीच. मध्येच काढली, तर पुढचा दगड धारेला शिवणारच नाही, बेव्हलच्या मागच्या कडेलाच घासत राहील. टेप झिजली की बदला.

आता हाताचं काम. 1000 चा दगड त्याच्या प्रकाराप्रमाणे भिजवा. काही दगडांना दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवावं लागतं, काहींना वरून शिंपडलेलं पाणी पुरतं आणि भिजत ठेवले तर ते तडकतात. दगडासोबतची सूचना वाचा. पातं पाठ आणि धार दोन्ही टेकवून सपाट ठेवा आणि धार पुढे करून ढकला, जणू दगडावरून एक पातळ पापुद्रा काढताय. पात्याची लांबी तीन इंच आणि दगडाची रुंदी बहुतेकदा त्याहून कमी, म्हणून सरळ ढकलून भागत नाही. टाचेपासून सुरुवात करून पुढे जाता जाता पातं आडवं ओढायचं, म्हणजे फेरीच्या शेवटी टोक दगडावर येतं. मग पाठीवरून उलटं करायचं आणि तसंच परत. उलटताना पाठ दगडावरच राहते. धारेवरून उलटवलं, तर एका क्षणात सगळं काम जातं.

फेऱ्या मोजू नका. तुमची पन्नासची गणती मला सगळ्यात जास्त खटकली. पन्नास हा आकडा त्या व्हिडिओतल्या माणसाच्या वस्तऱ्याचा आहे. एखाद्या वस्तऱ्याला तीस पुरतात, तर जुन्या बोथट वस्तऱ्याला 1000 वर दोनशेही लागतात. दर वीस-तीस फेऱ्यांनी थांबा, पातं पुसा, दिव्याखाली बघा, मार्कर लावा. टाच, मध्य आणि टोक, तिन्ही ठिकाणची चमक गेली आणि शाई शेवटच्या कडेपर्यंत पुसली गेली, की मगच पुढचा दगड. मी अजूनही एका वस्तऱ्यावर जितका वेळ घालवतो, त्यातला निम्म्याहून जास्त याच दगडावर जातो.

सुरुवातीला काम लवकर व्हावं म्हणून थोडा दाब दिला तर चालेल, पण थोडाच, आणि शेवटच्या वीसेक फेऱ्या फक्त वस्तऱ्याच्या वजनावर. वस्तऱ्याची मूठ दोन बोटांत धरायची, दुसऱ्या हाताचं एखादं बोट पाठीवर नुसतं टेकवायचं. कारण सांगतो. सोलिंगेनचे बहुतेक वस्तरे दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेले असतात, धारेजवळचं पोलाद कागदासारखं पातळ असतं. अंगठ्याच्या नखावर धार आडवी टेकवून हलकेच दाबलं, तर पातं वाकलेलं डोळ्यांना दिसतं. दगडावरही तसंच होतं. दाब दिला की धार वर उचलली जाते, दगड तिच्या मागे घासतो आणि धारेला लवलवणारी पातळ झालर फुटते. ही झालर मनगटावरचे केस अगदी झकास उतरवते आणि पहिल्या गालावरच मोडून पडते. तुमची मान ज्या पद्धतीने चुरचुरते, त्यावरून मला अशा झालरीचाही संशय आहे. झालर झालीच असेल, तर पाठ पुढे करून चार-पाच उलट्या फेऱ्या मारा, मग पुन्हा अगदी हलक्या हाताने धार पुढे करून.

4000 आणि 8000 बद्दल लांबण लावण्यासारखं काही नाही. पहिला दगड नीट झाला असेल, तर हे दोन्ही आपापलं काम करतात. 4000 वर 1000 चे ओरखडे जाईपर्यंत, लूपखाली दिसतं ते. 8000 वर बेव्हल एकसारखा आरशासारखा होईपर्यंत, दाब जवळजवळ शून्य. दगड बदलताना पातं आणि हात दोन्ही धुवा, खालच्या दगडाचा कण वरच्यावर जाऊ देऊ नका. 8000 वरून उतरलेल्या वस्तऱ्याने मी कित्येक वर्षं समाधानाने दाढी केली आहे. 12000 मुळे दाढी आणखी मऊ लागते हे खरं. बेल्जियमच्या आर्डेन प्रदेशात निघणारा पिवळसर कोटिक्यूल दगडही मला फार आवडतो. त्यातले गार्नेट या खनिजाचे कण अशी धार देतात की संवेदनशील कातडीलाही ती बोचत नाही. पण हे सगळं पुढचं. 8000 वर तुम्हाला सुखाची दाढी मिळाली, की मग घ्या.

चामड्याच्या पट्ट्यावर मात्र दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणून धरा, झोळ पडू देऊ नका. झोळ पडला की चामडं धारेभोवती वळतं आणि ती गोल होते. पाठ कधीही उचलू नका. आधी कॅनव्हासच्या बाजूवर वीसेक, मग चामड्यावर पन्नासेक फेऱ्या, पहिले काही आठवडे अगदी सावकाश. वेग आपोआप येतो. नवशिक्याने तासभर खपून लावलेली धार पट्ट्यावर दोन मिनिटांत घालवलेली मी पाहिली आहे. म्हणून दगडावरून उतरल्यावर एकदा आणि पट्ट्यानंतर एकदा मनगटावर, कातडीला न टेकवता, केसांच्या उंचीवर पातं फिरवून पाहा. पट्ट्यानंतर ते आधीपेक्षा कमी केस पकडत असेल, तर दोष पट्ट्यावरच्या हाताचा.

हिरव्या पेस्टबद्दल: तिचे कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतात. चांगली धार वापरून किंचित मंदावली की तिला जागं करायला ती उत्तम, पण मुळात नसलेली धार ती आणू शकत नाही. आणि रोजच्या पट्ट्याला ती कधीच लावू नका, वेगळा पट्टा ठेवा.

एक शक्यता उरते, आणि ती मी टाळणार नाही. दोष वस्तऱ्याचा नसेल, हाताचा असेल. तुम्ही धार लावणं आणि वस्तऱ्याने दाढी करणं ही दोन्ही कामं एकाच वेळी शिकताय, त्यामुळे ओढलं की नेमकं काय चुकलं हे कळायला मार्ग नाही. म्हणून माझा आग्रह असा की एखादा साधा पण चांगला वस्तरा जाणकाराकडून धार लावून आणा आणि महिनाभर त्याने दाढी करा. खरी धार गालावर कशी लागते हे एकदा कळलं, की आजोबांच्या वस्तऱ्याला कुठवर न्यायचंय ते कळेल. दाढी आधी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं चांगली भिजवा. कोरडा केस कोणत्याही धारेला भारी पडतो. कातडी दुसऱ्या हाताने ताणा. पातं गालाशी साधारण तीस अंशांत ठेवा, पहिल्यांदा फक्त केस वाढतात त्या दिशेने. मानेवर ती दिशा बदलते, बोट फिरवून आधी बघून ठेवा. त्या वस्तऱ्यानेही मान चुरचुरली, तर दगडांना दोष देऊ नका, हाताच्या कोनावर काम करा.

वस्तरा फक्त तुमचाच ठेवा, घरातल्या दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नका. कातडीवर न दिसणारी चीर पडते आणि रक्तातून पसरणारे रोग, कावीळ ब धरून, असे पसरू शकतात. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावतात ते यासाठीच.

आणि जुनं कार्बन पोलाद पाण्याला फार भितं. दाढी झाली की पातं धुवा, मऊ कापडाने पुसा, पट्ट्याच्या कॅनव्हासवर काही फेऱ्या मारून धारेवरचा ओलावा काढा, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. न्हाणीघरात ठेवू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर पावसाळ्यात एका रात्रीत धारेवर लालसर ठिपके येतात, आणि पुन्हा 1000 च्या दगडापासून सुरुवात करावी लागते.

आज एवढं करा. दगड सपाट करा. बेव्हलला मार्कर लावा, 1000 वर हलक्या हाताने तीन फेऱ्या मारा आणि टाच, मध्य, टोक अशा तीन ठिकाणचे दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढून पाठवा. दिव्याखाली धार वर करून काढलेला एक फोटोही हवा. शाई कुठे उरली आहे आणि चमक कुठे आहे ते पाहिलं, की टेप लावायची का, पातं तिरकं धरायचं का, की वस्तरा आधी सरळ करून घ्यावा लागेल, ते मला नक्की सांगता येईल.